खडकाळ माळाची खुरे

आयुर्वेद शिकताना देशाचे भेद पाठ केले होते. जांगल म्हणजे कोरडा, मुरमाड प्रदेश. अनूप म्हणजे पाणथळ. जिथे जन्मावे, त्या भूमीसारखा जीव घडतो. तो पाठ गंगापूरच्या आमच्या शेतात माझ्या डोळ्यांसमोर आला.

वाळूजचा माळ कारखान्यांच्या कुंपणांत गेला, तेव्हा तिथे पिढ्यानपिढ्या चरणारे एक धनगर जोडपे कळप घेऊन आमच्याकडे आले. लेंडीखतासाठी आम्ही त्यांना नारळ देऊन मेंढ्या बसवायला सांगितले. नारळ घेतला की सगळ्या रानात मेंढ्या बसवून होईपर्यंत वाडा, म्हणजे मेंढ्या कोंडायचे कुंपण, मोडायचा नाही, असा त्यांचा रिवाज.

त्या काळ्या, उंच पायांच्या मेंढ्यांची खुरे दगडावर झिजण्यासाठीच घडलेली. आमच्या रानातल्या कालव्याच्या ओल्या मातीत ती वाढली, मऊ पडली, मग कुजू लागली. मेंढ्या गुडघे टेकून चरू लागल्या.

"वाडा मोडा," धनगरीण नवऱ्याला म्हणाली.

"अर्धं रान राहिलंय. शब्द दिलाय."

"शब्द काय दूध देतो व्हय?"

मी त्यांच्या गाठोड्यातला नारळ मागून घेतला. "शब्द सुटला. आता निघा."

पण निघायचे कसे? विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मुलूख पेटला होता. शहरात संचारबंदी, एस.टी. बंद, गुरांचा डॉक्टर येईना. दौलताबादच्या अंगाचा खडक गाठला तरच कळप वाचणार होता. मी इष्टदेवतेचे स्मरण केले आणि त्यांच्याबरोबर निघालो.

डांबरी रस्त्यावर दगड रचलेले होते, टायर जळत होता. काही तरुण उभे होते. ते कोणत्या बाजूचे, हे मी विचारले नाही. एकाच्या हातात दगड होता.

"ए पावणं, मेंढरं कुणीकडची? नामांतरवाली का इरोधी?"

धनगर मेंढ्या आवरू लागला. बाईच बोलली, "दगडाकडची हायेत, दादा. दगडाबिगर जगत नाय ती. तुमच्यापाशी लई हायेत, जाऊ द्या."

एक जण हसला. दगडवाला हसला नाही.

तेवढ्यात धूर पाहून कळप थबकला आणि पुढची मेंढी रस्त्यातच बसली. ती बसली की बाकीच्या हलत नाहीत. मी खाली वाकलो आणि तिला उचलून खांद्यावर घेतले. तिच्या खुरांचा कुजका वास माझ्या उपरण्यात भरला. पाठीमागे कोणी काय उगारले आहे, ते मला दिसत नव्हते. मी चालत राहिलो. मग मागून खुरांचा आवाज आला, एकेक करून, लंगडत. दगडवाला माझ्या पुढे आला, त्याने हातातला दगड टाकला आणि रचलेले दगड पायाने बाजूला सारले.

"चला गुरुजी, लवकर," माझ्या उपरण्याकडे पाहत तो म्हणाला.

खडकावर पोचल्यावर बाईने विळ्याने खुरे तासली. ऊन आणि मुरूम यांनी पुढचे काम केले. बहुतेक मेंढ्या तगल्या. मी उचललेली तिथेच गेली. बाईने तिच्या अंगावर दगड रचले. धनगर तोवर कळपामागे चढणीला लागला होता. पायांवर उभ्या राहून चरणाऱ्या मेंढ्यांना सोडून त्याला थांबता येत नव्हते.