शालीऐवजी जॅकेट

हौसेखातर वल्हवायच्या लहान नावांनाही मोठ्या लाँचचे नियम लागले आणि आमच्या तळ्यातल्या नावा काठावर वाळत पडल्या. तेव्हापासून आमचे शेजारी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, दर सोमवारी आमदारांच्या कार्यालयात जाऊन बसतात. "लहान नावले येगळा नियम जोयजे," एवढंच बोलतात. चहा घेत नाहीत. चहा पाजला की माणसाला वाटेला लावतात, असं त्यांचं म्हणणं.

आमदारांच्या वाढदिवसाला शाल-नारळ घेऊन रांग लागली होती. शेजाऱ्यांनी मात्र आमदारांच्या अंगात नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं आणि पट्टे आवळले. सगळे हसले, फोटो निघाले. आमदारांना बक्कल काही उघडेना.

"काढा आता," ते म्हणाले.

"काढसू ना भाऊ," शेजारी शांतपणे म्हणाले. "तळ्यावर. पहिले नावमा बसा."