मामंजींचे तीन खटके

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या फॅक्टरीतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी मधुसूदन घारपुरे आवडीतच राहिले. घरात माणसं तीन: ते स्वतः, त्यांच्या पत्नी कल्पनाताई आणि मामंजी. हे मामंजी म्हणजे कल्पनाताईंचे सासरे नव्हेत. ते बिचारे साताऱ्यात कधीच निवर्तले. मामंजी म्हणजे कॅमेरा.

नाव कल्पनाताईंनीच ठेवलेलं. "वेळेवर खायला लागतं, उन्हातून आले की कापडाने पुसावं लागतं, आणि खोकले तर तीन घरांना ऐकू जातं," त्या म्हणत. "सासरे नाहीत तर कोण?"

खोकला म्हणजे शटरचा आवाज. खट्. सतरा वर्षांपूर्वी रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातून हा डिजिटल कॅमेरा घरी आला, तेव्हा त्याचे दहा मेगापिक्सेल ऐकून शेजारपाजारचे लोक बघायला आले होते. आता तेवढे तर दूधवाल्याच्या फोनमध्येही असतात. मुठीखालचं रबर सुटलेलं, ते सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवलेलं. फ्लॅश कधीच मेलेला. मागचा पडदा आगपेटीएवढा. आणि लागोपाठ तीन फोटो काढले की मामंजी दम खात. लाल दिवा लुकलुकत राही, आणि तो विझेपर्यंत जगबुडी आली तरी चौथा फोटो नाही.

मधुसूदनरावांची सगळी नोकरी फॅक्टरीच्या मापन विभागात गेली. केसाच्या दहाव्या भागाएवढी चूक पकडायची, हा धंदा. माप धरून राहणाऱ्या वस्तूला माणसाने उगाच निवृत्त करू नये, असं त्यांचं साधं मत होतं. मराठी मंडळाच्या प्रत्येक नाटकाला रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्याखाली एक लोखंडी स्टूल ठेवलेलं असे, आणि त्या स्टुलावर मामंजींना घेऊन मधुसूदनराव. पंधरा वर्षं हा नेम चुकला नव्हता.

यंदा चुकला.

मंडळाचं पन्नासावं वर्ष. टी. नगरजवळच्या सभागृहात नाटक, आणि त्या नाटकाचा एक फोटो चार फूट रुंद करून दर्शनी भिंतीवर कायमचा लावायचा. पहिल्याच बैठकीत चिटणीस संयुक्ताताईंनी घसा साफ केला. बँकेत मॅनेजर होत्या. वाईट बातमी गोड करून सांगायची सवय होती.

"काका, यंदा तुम्ही पहिल्या रांगेत बसा. कल्पनाकाकूंबरोबर, निवांत. फोटोचं देवेश बघतोय."

देवेश मूळचा नाशिकचा, कंप्युटर कंपनीत नोकरीला. पोरगा गुणी, पण जिभेला लगाम नाही. त्याच्याकडे नवा कॅमेरा, एका सेकंदात वीस फोटो, तेही आवाज न करता. त्याने मामंजींना हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

"काका, यात फोटो लगेच दिसतो, की पोस्टाने पाठवतात?"

सगळे हसले. मधुसूदनरावही हसले.

"चेष्टा सोडा," संयुक्ताताई म्हणाल्या, "पण गेल्या वर्षीच्या व्हिडिओत प्रत्येक हळव्या वाक्याला खट् ऐकू येतं. आणि अंधारात दाणे दाणे दिसतात फोटोत. चार फुटांचा केला तर रवा सांडल्यासारखा दिसेल."

मधुसूदनरावांना स्टूल गेल्याचं वाईट वाटलं, पण खरं शल्य वेगळं होतं. यंदाही अलकनंदाबाई रंगमंचावर उभ्या राहणार होत्या. तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या, वय अठ्ठ्याहत्तर. मराठी बोलल्या तरी वाक्याचा शेवट तमिळ वळणाने वर उचलत. 'आता गुडघे पोदुम, पुरे, म्हणतात,' असं सांगून त्यांनी हे आपलं शेवटचं काम असल्याचं जाहीर केलं होतं. त्यांचा एक मनासारखा फोटो मधुसूदनरावांना पंधरा वर्षांत साधला नव्हता. दर वेळी थोडक्यात हुकायचा.

"तीन द्या," ते म्हणाले.

"काय तीन?"

"तीन खटके. पूर्ण नाटकात तीनच. चौथा ऐकू आला तर मला उचलून बाहेर ठेवा."

संयुक्ताताईंनी देवेशकडे पाहिलं. देवेश खांदे उडवून म्हणाला, "घेऊ दे की काकांना. माझे दोन-तीन हजार होतील, त्यात तीन कुठे दिसणार?"

मग मधुसूदनरावांनी काय करावं? ज्याला तीनच गोळ्या मिळतात, तो आधी जंगल पाठ करतो. ते तालमींना जाऊन बसू लागले. आवडीहून लोकल, मग दुसरी लोकल, मग पायी. नटांना प्रॉम्प्टर देईल त्याआधी यांच्या ओठांवर वाक्य हलायचं. गिंडीच्या एका ओळखीच्या लेथवाल्याकडून त्यांनी आपल्या चालायच्या काठीच्या मुठीत एक बोल्ट बसवून घेतला. त्यावर कॅमेरा फिरवून घट्ट केला की झाला एकपायी स्टँड.

"आता मामंजींना काठीसुद्धा आली," कल्पनाताई म्हणाल्या. "कवळी तेवढी राहिली."

तालमी बघता बघता त्यांना जागा सापडली. नाटकात तंजावरच्या एका घरी पुण्याचा मुलगा सांगून येतो. घरातले सगळे भांडून दमतात आणि शेवटी आजीकडे वळतात: मुलगा पसंत आहे का? आजी म्हणजे अलकनंदाबाई. त्या उत्तर देत नाहीत. नुसत्या बघतात. हात मांडीवर, मान किंचित कलती, पापणीसुद्धा हलत नाही. मधुसूदनरावांनी मनगटावरच्या घड्याळात मोजलं: रोज बरोबर चार सेकंद. मग त्या तमिळमधून होकार देत, "सरि." आणि घर सुटकेचा श्वास टाकी.

ज्याने कधी रंगमंचावर पाय ठेवला आहे त्याला ठाऊक असतं, वाक्य कोणीही म्हणतो. न बोलता चार सेकंद प्रेक्षागृह मुठीत धरणं हे येरागबाळ्याचं काम नव्हे. आणि मामंजींना नेमकं तेच हवं होतं. कमी उजेडात त्यांचा डोळा पाव सेकंद उघडा राही. समोरचा हलला की फोटो गेला. पण पाव सेकंद स्थिर राहणारं माणूस मिळालं, तर?

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मधुसूदनराव नोकरीला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका तमिळ कारागिराचं काम बघून त्यांच्या तोंडून निघालं, "वा!" तो कारागीर यंत्र बंद करून, हात पुसत, समोर येऊन उभा राहिला. तमिळमध्ये 'वा' म्हणजे 'ये'. दुसऱ्यांदा "वा, वा" म्हणाले, तर तो आणखी जवळ आला. त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला: तमिळ माणसासमोर कौतुक मान डोलावून करायचं, तोंडाने नाही. पंचेचाळीस वर्षं पाळलं.

प्रयोगाचा दिवस. सभागृह गच्च. देवेश मांजराच्या पावलांनी इकडून तिकडे फिरतोय, आवाज नाही. मधुसूदनराव पहिल्या रांगेच्या कडेला, काठी दोन पायांत. पहिल्या अंकात त्यांनी पहिला खटका वापरला, आणि तो साफ वाया गेला. वधूपिता ऐन वेळी शिंकला. फोटोत त्याला दोन नाकं आली. मागून कोणीतरी खुदकन हसलं. कल्पनाताईंनी मागे वळून असं पाहिलं, की हसू जागीच विरलं.

मध्यंतरात पडद्याची दोरी अडकली. सभागृहाचा पडदा ओढणारे चंद्रमौळी. तीस वर्षं त्याच दोरीवर. मराठी नाटकं शंभर पाहिलेली, मराठी शब्द एक समजत नव्हता. दोरी सोडवून झाल्यावर संयुक्ताताईंनी त्यांना तमिळमधून बजावलं, "विंगेतच बसा. परत अडकली तर हाक मारते. ऐकलं की लगेच या." चंद्रमौळींनी मान हलवली, आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी घेऊन ते कान टवकारून विंगेत बसले.

दुसरा अंक. घर भांडून दमलं. सगळे आजीकडे वळले.

अलकनंदाबाईंनी मान किंचित कलती केली. सभागृहातले पंखे तेवढे ऐकू येत होते. एक. दोन. खट्.

मधुसूदनरावांनी डोळा बाजूला केला नाही, पण बोटाला कळलं होतं. पंधरा वर्षं हुकलेलं आज सापडलं होतं. आणि पंचेचाळीस वर्षांचा नेम त्या सुखात विरघळला.

"वा, वा," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण त्या शांततेत ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

विंगेतही गेलं. हाक ऐकताच चंद्रमौळी उठले आणि पेल्यासकट तरातरा थेट रंगमंचावर आले.

मधुसूदनरावांना आपली चूक उमगली. बाईंचं शेवटचं काम, आणि त्यात आपल्या जिभेने माती कालवली. पण बोट मापन विभागातलं होतं. ते घाबरलं नाही. खट्. तिसरा.

आणि अलकनंदाबाई? पापणी हलली नाही. अनोळखी माणूस समोर येऊन उभा राहिला, पुण्याचा मुलगा वाक्य विसरून त्याच्याकडे बघत राहिला, तरी त्यांनी चारचे सात सेकंद केले. मग सावकाश हात पुढे केला, चंद्रमौळींच्या हातातला पेला घेतला, एक घोट प्यायल्या आणि आपल्या त्या तमिळ वळणाने म्हणाल्या, "पुण्याचा मुलगा बरा आहे. पण न सांगता काप्पी आणतो, तो अजून बरा. याचीच पत्रिका मागवा."

सभागृह हशा-टाळ्यांनी कोसळलं. चंद्रमौळींना काही समजलं नाही, पण लोक टाळ्या वाजवतायत म्हटल्यावर त्यांनी नमस्कार केला आणि आले तसे निघून गेले.

प्रयोगानंतर मधुसूदनराव माफी मागायला आत गेले. अलकनंदाबाई वेणी सोडत होत्या.

"बाई, चूक झाली माझी."

"अण्णा, आयुष्यभर लोकांनी टाळ्या दिल्या," त्या म्हणाल्या. "वाहवा दिली. तू काप्पी पाठवलीस."

पुढच्या रविवारी सभागृहातच निवड. देवेशने दोन हजार आठशे फोटोंतून चाळीस आणले होते, एकाहून एक लख्ख. चंद्रमौळींच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण दिसत होतं, कॉफीचा फेस दिसत होता. पण सगळं एकसारखं गोठलेलं. नाटकात कोणी चुकून शिरल्यासारखं वाटत होतं, आणि शिरलंच होतं.

मग मामंजींचा तिसरा फोटो लागला. अलकनंदाबाई मध्यभागी, सुरकुती न् सुरकुती ठाम. आणि त्यांच्या बाजूने वाऱ्याचा एक लांब करडा झोत आत येतोय, त्या झोतात पेल्याची एक चंदेरी रेघ. जणू सगळं घर हललं, एक आजी तेवढी हलली नाही.

देवेश उठून फोटोजवळ गेला.

"किती सेकंद, काका?" देवेशने विचारलं.

"पाव."

"हे माझ्या कॅमेऱ्यावरही काढता आलं असतं."

"आलं असतं की. माझ्यापेक्षा चांगलं आलं असतं. फक्त तुझ्याकडे दोन हजार आठशे होते, माझ्याकडे एक उरला होता."

देवेश हसला. "भिंतीवर हाच लावा," तो संयुक्ताताईंना म्हणाला. "माझे स्मरणिकेत घ्या."

"पण चार फुटांचा? दाणे दिसतील," त्या म्हणाल्या.

मधुसूदनरावांनी खिशातून मोजायची टेप काढली. दर्शनी भिंतीपासून दारापर्यंत धरली. "अकरा फूट. इथून बघतो तो फोटो बघतो. नाक लावून बघतो तो धूळ पुसायला आलेला असतो."

फोटो लागला. दाणे आहेत, नाक लावलं की दिसतात. आणि रोज नाक लावून बघणारा एकच माणूस आहे. नाटकाला कोणी लवकर आलं, की चंद्रमौळी त्याला हाताला धरून फोटोपुढे नेतात, त्या करड्या झोतावर बोट ठेवतात, आणि तीस वर्षांत शिकलेलं एकुलतं एक मराठी वाक्य म्हणतात. ते त्यांना मधुसूदनरावांनीच शिकवलंय.

"हा मी."

ऐकणारा मराठी माणूस हमखास म्हणतो, "वा!" आणि चंद्रमौळी एक पाऊल आणखी पुढे येतात.