डोळे मिटले आणि घर घाबरलं

मंडळी, आज पाचोऱ्यात नवल घडलं. मला राग आला आणि मी ओरडले नाही!

सकाळी सासूबाई आणि मी गच्चीवर जुनी साडी अंथरून ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमचे खानदेशी पापड, थापले. तेवढ्यात आमचे हे मोबाइलवर बोलत वर आले आणि बोलण्याच्या नादात ओल्या बिबड्यांवरून चालत गेले.

माझं डोकं असं तापलं! पण बुद्धविहारातल्या ध्यान शिबिरात शिकलेलं आठवलं. तिथेच मांडी घातली, डोळे मिटले आणि नुसता श्वास बघत बसले.

"अगं, काहीतरी बोल ना," हे पुटपुटले.

सासूबाई तर पार घाबरल्या. "माय वं, तू गप कशी बसनी? दोन शब्द तरी सुनाव त्याले!"

मी श्वासच बघत राहिले. छातीतली धग खरंच हळूहळू ओसरली. डोळे उघडले तर हे एका पायावर उभे, दुसऱ्या तळव्याला बिबडा चिकटलेला! मग आम्ही सासू-सुना पोट धरून हसलो.

आता हे उन्हात नवे बिबडे थापतायत आणि मी सावलीत हे लिहितेय. मधूनमधून विचारतात, "नक्की रागावली नाहीस ना?" मी नुसते डोळे मिटते. थापायचा वेग लगेच वाढतो.

तुम्ही गप्प बसलात, तर तुमच्या घरी आधी कोण घाबरतं?