एलायसच्या नावाची टोपली

विनिफ्रेड तुस्कानोला प्रश्न विचारायची खोड होती, आणि खोड म्हणजे साधीसुधी नव्हे. सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या मेन स्ट्रीटवर एका ग्रीक भाजीवाल्याने एकदा कसली तरी हिरवी काटेरी बोंडं मांडली, तर बाई त्याच्यापुढे ठाण मांडून उभी. ही सोलतात कशी? कशात घालतात? तुझी आई घालायची का? आई आहे का अजून? मागे गिऱ्हाइकांची रांग लागली, पण भाजीवाला डोळे पुसत आईविषयी बोलत राहिला, आणि शेवटी चार बोंडं त्याने फुकट दिली. मुलगी डोरीन शरमेने अर्धी व्हायची. "मम, यू कान्ट जस्ट आस्क पीपल दॅट!" म्हणायची. "का नाही?" विनी म्हणायची. म्हणजे तोही प्रश्नच.

वेस्टमीडच्या मोठ्या हॉस्पिटलात ती लॅबमध्ये होती. दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून लोकांच्या रक्तात काय चाललंय ते बघायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा. अशा बाईला याहून चांगली नोकरी सापडली नसती.

तर अशी ही विनी. अख्ख्या जगाची चौकशी करणारी. आणि आठ वर्षं सख्ख्या भावाला "बरा आहेस का?" एवढं विचारलेलं नाही!

झालं होतं असं. पंचाहत्तर साली मे महिन्यात वसईला, गास गावच्या घरी, आई गेली. तार सिडनीला पोचेपर्यंत एक दिवस, विमानाचं तिकीट मिळेपर्यंत दुसरा. विनी अंगणात पोचली तेव्हा आईला माती देऊन एक दिवस उलटला होता. धाकटा भाऊ एलायस पुढे आला, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं "बाय" म्हणाला, आणि हिने सगळ्या आळीदेखत त्याला झाडलं. "मला आईचं तोंड दाखवलं नाहीस, आता तुझं तोंड मला दाखवू नकोस!" एलायस खाली मान घालून केळीच्या वाडीत निघून गेला. तिसऱ्या दिवशी विनी परतली.

आता, लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला मे महिन्यातल्या उकाड्यात, बर्फ नसलेल्या गावात काय होतं हे कोणी शिकवायला हवं होतं? डोक्याला सगळं कळत होतं. पण बोलून बसलेल्या जिभेला मागे घेणार कोण? पहिल्या नाताळला कार्ड आणलं, लिहिलं नाही. दुसऱ्या नाताळला आणलंच नाही. त्यानेही पाठवलं नाही. वर्षं अशीच गेली. नवरा व्हॅलेंटाइन फार न बोलणारा माणूस, पण एकदा तोही वैतागला. "शेजारणीच्या कढईत काय शिजतंय ते तू कुंपणावरून विचारतेस. भावाला विचारायला काय होतं तुला?" विनीने त्या रात्री जेवण केलं नाही. कारण तो खरं बोलला होता, आणि तिला वाटायचं, उद्या एलायसलाही काही झालं, तर मी पुन्हा उशिरा पोचणार.

लॅबमध्ये काचेची भांडी धुणारी चानपेन नावाची एक थाई बाई होती. उत्तर थायलंडात, लाम्फून गावाजवळच्या खेड्यातली. विनीने तिला तीन वर्षांत एवढं पिळून काढलं होतं की तिच्या मावशीच्या म्हशीचं नावसुद्धा हिला ठाऊक. त्र्याऐंशीच्या सप्टेंबरात चानपेन सणाला घरी निघाली, आणि जाता जाता म्हणाली, "विनी, इतकं विचारतेस त्यापेक्षा चल ना. आईकडे राहा, बसने फिरू. हॉटेलचा खर्च नाही." विनीने आठ दिवसांची रजा टाकली. व्हॅलेंटाइनने फक्त एवढंच विचारलं, "तिकडची माणसं धडधाकट आहेत ना? तुझे प्रश्न झेपायला हवेत."

लाम्फूनजवळच्या चियांग माई शहरात पोचल्यावर बाईचं भान हरपलं. गल्लीगल्लीत देऊळ. उतरत्या छपरांची टोकं आगीच्या ज्वाळांसारखी वर गेलेली, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना नाग, आत सोनेरी बुद्ध शांत बसलेला. आणि दारात चपलांचा हा ढीग! दोन बाकं टाकलेल्या लाल टेम्पोत दाटीवाटीने बसून विनी या देवळातून त्या देवळात. मूर्तीला सोन्याचा वर्ख का चिकटवतात? भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत, मग पोटात कावळे ओरडत नाहीत का? बाईने भिक्खूला शिवायचं नाही, मग त्याची आई आली तर? चानपेन सांगून सांगून दमली आणि एका देवळात तिने सरळ एका म्हाताऱ्या भिक्खूलाच पुढे केलं. त्याला थोडं इंग्रजी येत होतं. तो हसून म्हणाला, "आई आली तरी नाही." "मग तिला वाईट वाटत नाही?" "वाटतं," तो म्हणाला. "मलाही वाटायचं."

लाम्फूनच्या मोठ्या देवळात उंचच उंच सोनेरी स्तूप होता. त्याच्या कठड्याच्या आत बायकांना मनाई. "का?" विनीने विचारलं. चानपेन म्हणाली, पहिल्यापासून तसंच आहे. "हे काही उत्तर झालं?" विनी फणफणली. पण कठड्याच्या सळ्या धरून तिने आत बघितलं आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला. स्तूप! अगं, म्हणजे सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट! गासहून पायी जाण्याच्या अंतरावर तो विटामातीचा ढिगारा. लहानपणी ती आणि एलायस तिथे चिंचा खात बसायचे. हा बुद्धाचा स्तूप आहे हे मोठेपणी ऐकलं, पण आत काय, बांधला कुणी, हे कधी कुणाला विचारलं नाही. जगात एवढं एकच ठिकाण, जिथे विनीने प्रश्न विचारले नव्हते, कारण तिथे प्रश्न एलायस विचारायचा. "बाय, याच्या आत राजा झोपलाय का? बाय, तो उठला तर?" सहा वर्षांचं पोर, तोंडात चिंच आणि डोळे हे एवढे मोठे. विनी कठड्याला धरून रडली. चानपेनला वाटलं, आत जाऊ दिलं नाही म्हणून. ती बिचारी सारखी सॉरी म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी खेड्यात सण. घरोघरी बायका बांबूच्या टोपल्या विणून, केळीच्या पानांनी सजवून त्यात चिकट भात, फळं, मीठ, मिरच्या, कंगवा, काडेपेटी असं काय काय भरत होत्या. प्रत्येक टोपलीला ताडपत्राची लांब पट्टी, तिच्यावर नाव. देवळात सगळ्या पट्ट्यांचा एक ढीग करायचा, तो भिक्खूंमध्ये वाटायचा, आणि ज्याच्या वाट्याला जी पट्टी येईल तो ते नाव मोठ्याने वाचून ती टोपली घेणार. त्या नावाच्या माणसाला पुण्य पोचतं. चानपेनच्या आईने विनीपुढेही एक टोपली ठेवली. पाहुणीनेही एक द्यावी.

विनी जराशी बिचकली. चर्चमधल्या फादरना हे कळलं तर? मग तिला आपल्याकडची रीत आठवली. चर्चमध्ये कुणासाठी मिस्साची प्रार्थना लावायची तर नाव देतात, फादर ते वेदीवरून वाचतात. मेलेल्यांचं देतात तसं जित्यांचंही देतात, आजाऱ्याचं, परीक्षेला बसलेल्याचं. हेही तेच की! मग नाव कुणाचं द्यावं? आईसाठी तर इतके मिस्सा झाले होते की आई केव्हाच स्वर्गात पोचली असणार. पट्ट्या लिहिणारा म्हातारा ताटकळत होता. विनीच्या तोंडून नाव गेलं, "एलायस." आणि चानपेनला सांगितलं, "माझा भाऊ."

चानपेनने तिचा हात घट्ट दाबला. "तू कधी बोलली नाहीस, विनी." बोलणार काय, कप्पाळ? विनीने मान हलवली. चानपेनच्या आईने विचारलं, भावाला काय आवडतं? "केळी," विनी म्हणाली. "सुके बोंबील. आणि विडी." म्हातारी उठून शेजारच्या घरातून सुकी मासळी घेऊन आली, सिगारेटचं पाकीट घातलं, उत्तमातला केळ्यांचा घड घातला. टोपली भरून वर शीग लागली. किती माया या लोकांना, विनीला भरून आलं.

देवळात एका तरुण भिक्खूच्या हाती ती पट्टी आली. त्याने दोनदा अडखळत नाव वाचलं. विनी गुडघ्यांवर बसून हात जोडून पुढे सरकली. भिक्खूने मंत्र म्हटले, म्हातारीने विनीच्या हाताला हात लावून छोट्या भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडायला लावली. आठ वर्षांत पहिल्यांदा विनीच्या छातीवरचा धोंडा हलला. बाहेर आल्यावर म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत काहीतरी म्हणाली, आणि चानपेनने सांगितलं, "आई म्हणते, आता काळजी करू नकोस, त्याला तिकडे पोटभर मिळेल. किती वर्षं झाली त्याला जाऊन?"

"कुठे जाऊन?" विनी म्हणाली.

"विनी," चानपेन हळूच म्हणाली, "ह्या टोपल्या मेलेल्या माणसांसाठी असतात."

अगं आई गं! विनी ओरडली, "अगं, तो जिवंत आहे! वसईत आहे! केळीच्या वाडीत आहे!" आणि म्हणता म्हणता तिने स्वतःलाच विचारलं. आहे ना? आठ वर्षांत कुणाला विचारलंय? जित्या भावाला आपल्या हाताने तिलांजली देऊन बसले की मी! चानपेनला आधी हसू फुटलं, पण विनीचा चेहरा बघून ते जिरलं. तिने आईला सगळं सांगितलं, तशी म्हातारी विनीला हाताला धरून वडील भिक्खूकडे घेऊन गेली.

भिक्खूने सगळं ऐकून घेतलं. विनीने चानपेनकरवी विचारलं, आता काय करायचं? परत घेता येतं का? त्याला काही होणार तर नाही?

भिक्खू दिलखुलास हसला. म्हणाला, "काही होत नाही. पुण्य आहे ते, विष नाही. पण बाई, गेलेल्या माणसाकडे काही पोचवायचं तर आम्ही लागतो, कारण तिकडे पोस्ट नाही. जिवंत माणसाला पोस्ट आहे की."

दुसऱ्या दिवशी सकाळी चियांग माईच्या पोस्टात विनी तारेचा फॉर्म पुढे घेऊन उभी होती. तिने चार फॉर्म फाडले. पहिल्यात माफी होती, दुसऱ्यात आई, तिसऱ्यात टोपली, आणि ती कुणाला कळली असती? शेवटी लिहिलं, बरा आहेस का? विनी. आणि उत्तरासाठी वेंटवर्थव्हिलचा पत्ता. आठ वर्षं ज्याच्यासाठी जीभ रेटली नाही, तो प्रश्न खिडकीतल्या बाईने शब्द मोजून, शिक्का मारून आत ठेवला.

उरलेल्या तीन दिवसांत त्यांनी डोंगरावरचं ते प्रसिद्ध देऊळ पाहिलं, तीनशे पायऱ्या चढून. वर घंटांची रांग होती, खाली सगळं शहर दिसत होतं. विनीने एकही प्रश्न विचारला नाही. चानपेन घाबरली. "ही घंटा का वाजवतात ते तरी विचार," ती म्हणाली. विनी म्हणाली, "तार गेली असेल ना गं?" पुन्हा पाच मिनिटांनी, "गेली असेल ना?"

सिडनीच्या विमानतळावर व्हॅलेंटाइन आणि डोरीन घ्यायला आले होते. विनीने देवळांचं नाव काढलं नाही, प्रवास कसा झाला सांगितलं नाही. "तार आली?" एवढंच. व्हॅलेंटाइन म्हणाला, काल आली, घरी आहे, मी उघडली नाही. "उघडायची ना, मूर्खा!" ती ओरडली. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आयुष्यात नवऱ्याला ती पहिल्यांदा मूर्ख म्हणाली, आणि त्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

पाकीट किचनच्या टेबलावर, मिठाच्या डबीला टेकवून ठेवलेलं होतं. विनीने ते उचललं, पण तिला फोडवेना. एलायसच्या बायकोने पाठवली असेल तर? फादरनी पाठवली असेल तर? शेवटी डोरीनने ते तिच्या हातातून काढून घेतलं, फोडलं, आणि नाव बघून म्हणाली, "मम, इट्स फ्रॉम अंकल एलायस."

तार इंग्रजीत होती. पण विनीला ती त्याच्याच आवाजात ऐकू आली, कोटावर चिंच तोंडात धरून बोलणाऱ्या पोराच्या आवाजात.

जिवंत आहे बाय. या वेळी थांबतो. तू ये.