लिंबाएवढी कणीक

ओल्या कणकेचा वास आला की मला धुळ्यातली आमची पुढची खोली दिसते. सत्त्याऐंशी साल असेल. वडील जाऊन आठ महिने झाले होते आणि आईला घेऊन आम्ही वरणगावला, दादाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये निघालो होतो. वडिलांची वाद्यं सतरंजीवर मांडली होती. दोन पेट्या, तबला-डग्गा, दिलरुबा, पखवाज. जागा एकालाच होती. "छोटी पेटी नेऊ, पोरं तरी शिकतील," दादा म्हणाला, आणि बाकीची वाटून टाकायची ठरली. पखवाज न्यायला चाळीसगावच्या भजनी मंडळातले एक आबा आले. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे तोंडावरच्या कातड्याला, वाजवण्याआधी कणीक लावतात आणि वाजवून झालं की लगेच खरवडून काढतात. आबांनी तो मांडीवर घेतला आणि त्यांचं बोट चिकटलं. "कणीक वल्ली शे, अक्का," ते दबकत म्हणाले, "कोन वाजाडस?" आमच्यात कोणालाच पखवाज येत नव्हता. आई दारातूनच म्हणाली, "वाजवत कोणी नाही. पण कोरड्या पुडीवर हात पडला की चिडतात ते." आबांनी पखवाज सावकाश खाली ठेवला आणि चहाही न घेता ते उठले. पेटी राहिली, पखवाज वरणगावला आला. आता आई नाही, आणि पखवाज माझ्याकडे आहे. आज पोळ्या लाटायला घेतल्या, तर परातीच्या कडेला लिंबाएवढा गोळा वेगळा काढून ठेवलेला होता. मीच काढला असणार. घरात दुसरं कोणी नाही.