वापरलेली विमानं

सोमवारी माझा मुलगा मोटारसायकलवरून पडून गेला. सुट्टीवर आला होता. एरवी नौदलाच्या विमानवाहू जहाजावर लढाऊ विमानं दुरुस्त करायचा.

मांजरसुंब्याचा एक मेकॅनिक जुन्या गाड्या घेतो आणि सुटे भाग विकतो. टाकीवर हात ठेवून आधी विचारतो, "हिच्यावर कुनी गेलं न्हाई ना?" गेलं असेल तर नटसुद्धा घेत नाही.

नौदलाला विमानं कमी पडतात, परदेशातली वापरलेली घ्यायचा विचार आहे, असं पेपरात आलं तेव्हा तो म्हणाला होता, "सर, पोराला इचारा, त्या इमानांत कुनी गेलतं का?" मुलगा फोनवर खूप हसला होता.

आता मुलाची गाडी मी त्याच्याकडे नेली. त्यानं काहीच विचारलं नाही. "ठिवा तितं. च्या घ्या." ही तीच गाडी, हे त्याला माहीत होतं का, मला कळलेलं नाही.

गाडी त्याच्या शेडमध्ये उभी आहे. एकही भाग त्यानं काढलेला नाही.