पाटलाच्या घरचा दसरा

पाटलीणबाईनं गादी पायानं ढकलली. हातानं नाही. मागच्या दाराच्या उंबऱ्यावरून ती घसरली आणि माझ्या मायच्या पायाशी येऊन पडली. त्या गादीवर पाटलाचा म्हातारा सहा महिने अंथरुणाला खिळून होता आणि तिच्यावरच मेला होता. मधोमध हा एवढा पिवळा डाग. कडेला काहीतरी वाळून घट्ट झालेलं. वास असा की मी नाक दाबून मागं सरले.

"घेऊन जा वं गिरजे," पाटलीणबाई म्हणाली. "कापूस चांगला हाय तिच्यातला. लेकराईच्या खाली घाल."

माय म्हणाली, "हाव जी."

मी तेव्हा सहावीत होते. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव बुलढाण्याहून येताना मोताळ्याच्या अलीकडे, आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. शिकले-सवरले म्हणून लिहिताना नीट लिहिते. राग आला की तोंडात अजून मले-तुलेच येते. तेव्हा सांभाळून घ्या, नाहीतर नका घेऊ.

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी घर झाडून-पुसून, गोधड्या-वाकळा धुऊन काढतात. त्याला दसरा काढणं म्हणतात. पाटलाच्या घरचा दसरा काढायला माय आठ दिवस जायची. मागचं आंगण, गोठा, बाहेरच्या भिंती सारवायच्या. घरभराच्या गोधड्या नाल्यावर नेऊन आपटायच्या. मुतलेल्या, ओकलेल्या, सगळ्या. त्या धुवायला आमचे हात चालत. वाळल्यावर घडी घालायला चालत नसत. घडी त्यांची सून घालायची, तेही आधी वरून पाणी शिंपडून. आम्ही धुतलेल्या गोधड्या पाण्यानं शुद्ध करायच्या! मी लहानपणी ते दरवर्षी पाहायचे आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माणूस कशाकशाला सरावतो ते पाहा.

आठ दिवसांच्या कामाची ज्वारी मिळायची. हिवाळा तिच्यावर निघायचा. आणि ज्वारीबरोबर हे मिळायचं. त्यांच्या घरातून जे जे निघालं ते. मागच्या दारात ढीग पडायचा आणि तो ढीग आम्ही डोक्यावर घेऊन घरी यायचो.

बरं, आणलं तर आणलं, फेकून द्यावं की नाही? नाही. फेकायची सोय नव्हती. एका वर्षी मायनं त्यांची फाटकी सतरंजी पाणी तापवायला चुलीत घातली. पुढं त्यांच्या घरच्या लग्नात पाटलीणबाईला ती आठवली, मांडवाबाहेर अंथरायला. जळाली म्हटल्यावर दहा बायांत मायला म्हणाली, "देलं म्हणजे तुह्या बापाचं झालं काय?" तेव्हापासून मायनं काही फेकलं नाही. दिलेलंही त्यांचं, ठेवायची जागा मात्र आमची.

आमचं घर म्हणजे एक खोली. त्या खोलीत त्यांचा बिनदांड्यांचा पाळणा, आमच्या तोंडी पायना. झाकण नसलेली पत्र्याची ट्रंक. तीन पायांची बाज. तडकलेल्या चिनी मातीच्या बरण्या, चार की पाच. उंदरांनी कुरतडलेल्या गोणपाटांची चळत. आणि आता म्हाताऱ्याची गादी. आम्ही पाच माणसं उरलेल्या जागेत झोपायचो. माय पहाटे उठून सडा टाकायची, चूल पांढऱ्या मातीनं पोतरायची, देगची घासून अशी चकचकीत करायची की तिच्यात तोंड दिसावं. मग त्या अडगळीच्या भोवतीनं झाडायची. रोज. बरण्या उचलायच्या, खालचं झाडायचं, बरण्या जागेवर. दुसऱ्याच्या उष्ट्या सामानाची एवढी टापटीप कोणी ठेवली नसेल.

गादी आली आणि तिच्याबरोबर ढेकूण आले. आधी थोडे, मग भिंतीच्या भेगाभेगांत. धाकट्या भावाची पाठ चावून चावून लाल झाली. वर्गात एकदा माझ्या पाटीवर ढेकूण चालला. शेजारची पोरगी किंचाळून उठली आणि मास्तरांनी मला उन्हात बसवलं. तिथं बसून मला कोणाचा राग आला असेल? पाटलाचा नाही. मायचा. मला माझ्या मायची किळस वाटली. तिच्या लुगड्याची, तिच्या त्या "हाव जी"ची. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे ते लिहिते.

बाबाही चिडले होते. आम्ही धम्म घेतल्याला काही वर्षं झाली होती. बाबा म्हणाले, "आपून मेलेलं ढोर ओढनं सोडलं. अन् मेलेल्या मानसाची गादी घरात हाय आपल्या."

"काम सुटन," माय म्हणाली. "मंग खाता काय?"

गादी राहिली.

दिवाळी झाली आणि ब्लॉकातून, म्हणजे तालुक्याच्या विकास कचेरीतून, माणसं आली. गावात स्वच्छ घराची स्पर्धा होती. एक साहेब, एक तरुण ग्रामसेविका, आणि गावच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून पाटलीणबाई. सगळं गाव फिरून शेवटी आमच्या वस्तीत आले. पाटलीणबाईच्या नाकाला पदर. माय दारात उभी राहिली, मी तिच्या मागे.

साहेब उंबऱ्याबाहेरच थांबले. आत वाकून पाहिलं. म्हणाले, "अहो बाई, घर आहे की गोदाम?"

ग्रामसेविकेनं पाठ केलेलं म्हटलं, "नको असलेल्या वस्तू घरात साठवू नयेत. त्यानं रोगराई होते."

माय खाली पाहत होती. वस्तीतली माणसं जमली होती. तेव्हा पाटलीणबाई साहेबांना म्हणाली, "सांगून सांगून थकली जी मी. काही म्हणून फेकत नाहीत. या लोकाईले घानच आवडते. अंगातच हाय त्याईच्या."

अंगातच हाय. तिच्या सासऱ्याचा मुताचा डाग तिच्या समोर चार हातांवर होता आणि ती म्हणत होती, अंगातच हाय.

माझं तोंड आपोआप उघडलं. "ते गादी तुमच्या म्हाताऱ्याची हाय," मी म्हटलं. "ढेकनं तिच्यातूनच आले. पायना तुमचा. पेटी तुमची. बाज तुमची. बरन्या तुमच्या. आमचं काय हाय याच्यात ते दाखवा."

मायनं वळून माझ्या कानाखाली दिली. अशी की कानात घूं झालं.

साहेबांनी वहीत मान घातली. ग्रामसेविकेनं गादीकडे पाहिलं, मग पाटलीणबाईकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. तिला सगळं समजलं होतं. एक शब्द बोलली नाही. मला पाटलीणबाईपेक्षा आज तिची जास्त चीड येते, कारण ती शिकलेली होती.

"पोरगी वाया गेली वं तुही," पाटलीणबाई मायला म्हणाली, आणि सगळे गेले.

माय भिंतीला टेकून बसली. रडली नाही. गादीकडे बघत राहिली. भावाला ओढून त्याची पाठ पाहिली, चट्ट्यांवरून बोट फिरवलं. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "घान त्याईनं देली. अन् अंगात आपल्या हाय म्हन्ते."

मग उठली. कासोटा आवळला. मला म्हणाली, "धर तिकून."

भर दुपारी आम्ही ती गादी उचलली. मला वाटलं गावाबाहेर नेऊन टाकायची. माय नाल्याकडे वळलीच नाही. मागच्या बोळानंही गेली नाही, जिथून आम्ही आयुष्यभर जात आलो. सरळ गावच्या मधल्या रस्त्यानं, दुकानांसमोरून, पारासमोरून. लोक उठून उभे राहिले. एकानं विचारलं, "काऊन वं गिरजे, कुठी चालली?" मायनं मानही वळवली नाही.

पाटलाच्या म्होरच्या दारी आम्ही कधी गेलो नव्हतो. ओटा सारवलेला, रांगोळी काढलेली, स्पर्धाच होती ना. ओट्यावर साहेब, पाटील आणि ग्रामसेविका चहा पीत होते. मायनं गादी त्या रांगोळीवर टाकली. धूळ उडाली. साहेबांचा कप हातातच राहिला.

आम्ही परत गेलो. पाळणा आणला, त्यात बरण्या. पुन्हा गेलो. बाज आणि ट्रंक. तिसऱ्या खेपेला वस्तीतल्या दोन बाया न सांगता गोणपाटं घेऊन आमच्या मागं आल्या. सगळं मायनं ओट्यावर नीट लावून ठेवलं. बरण्या सुद्धा एका रांगेत. तिला पसारा जमायचाच नाही.

पाटलीणबाई बाहेर आली. "हे काय वं गिरजे?"

"तुमचं सामान," माय म्हणाली. "आमी आमच्या घरचा दसरा काढला."

पाटील उठला. "उद्यापासून या दारात पाय ठेवाचा नाही."

"मांगच्या का म्होरच्या?" मायनं विचारलं.

माय निघाली, मी तिच्या मागे.

कोणाला वाटेल, झालं, जिंकलो. काही जिंकलो नाही. बक्षीस पाटलाच्याच घराला मिळालं. त्या हिवाळ्यात मायला गावात कोणी कामाला बोलावलं नाही. कापूस वेचायलाही नाही. ती मोताळ्याच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची. डाव्या हाताचं एक बोट हातोड्याखाली चेचलं ते कायमचं वाकडं झालं. ज्वारी संपल्यावर आम्ही अंबाडीची भाजी नुसती उकडून खाल्ली. ढेकूणही लगेच गेले नाहीत. मी उकळतं पाणी भेगांत ओतत होते, तरी उन्हाळ्यापर्यंत निघत राहिले. त्या थापडीबद्दल माय कधी बोलली नाही. मला शाबास म्हणाली नाही. पण तिनं मला शाळेतून काढलंही नाही.

आता मी बुलढाण्यात दोन खोल्यांत राहते. नोकरी केली, निवृत्त झाले. शेजारच्या बाई चांगल्या आहेत, गोड बोलतात. या नवरात्राच्या आधी दारात आल्या. हातात पिशवी, पिशवीत साड्या. म्हणाल्या, "टाकवत नाहीत हो, चांगल्या आहेत. तुमच्यात कोणी गरजू असेल ना?"

तुमच्यात. मी पिशवीला हात लावला नाही. माझी जीभ आपोआप गावाकडे गेली.

"चांगल्या हायेत तं नेसा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. म्हणाल्या, मी तर चांगल्या मनानं आणल्या होत्या. असेल. पाटलीणबाईलाही वाटत असेल की ती चांगल्या मनानं देते. मी दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत.

न बोलोत. कोणी अंगावरून उतरवलेलं, खालून काढलेलं, नकोसं झालेलं माझ्या घरात येणार नाही. माझ्या पोरींच्या घरात येणार नाही. दान म्हणून नाही, माया म्हणून नाही, आठवण म्हणून नाही. त्यापायी उपाशी राहावं लागलं तर राहू. राहिलो आहोत.